ऑर्फाच्या वाट्याचे वीस टक्के

ऑर्फा पेट्री आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं शेजारी-शेजारी उभ्या राहिलो. तीनशे पोरांचा नाश्ता, तीनशे पोरांचं जेवण. पन्नास पौंडांचं पिठाचं पोतं ती एकटी उचलायची आणि मी हात लावायला गेले की खेकसायची, "लवीडा, सर तिकडे. तुझी कंबर धरली की मलाच दोघींचं काम पडायचं." ती आजारी म्हणून घरी राहिलेली मला आठवत नाही. आम्ही तासांवर काम करणाऱ्या बाया, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी शाळेने आम्हाला एक केक दिला आणि दार उघडून धरलं. पेन्शन नाही, विमा नाही.

तिचा नवरा डॉर्सल. ओहायो नदीकाठच्या रसायनांच्या कारखान्यात त्याची हयात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांचा विमाही त्याच्याबरोबर बुडाला. मूलबाळ नव्हतं. घर भाड्याचं होतं, पण डोंगरात बापाने ठेवलेली चौऱ्याऐंशी एकर जंगलजमीन होती, त्यावर शिकारीची एक खोपटी. त्या जमिनीबद्दल तो असा बोलायचा, जसा दुसरा कोणी आपल्या हुशार मुलाबद्दल बोलेल.

डॉर्सल पासष्टचा झाला तेव्हा त्याच्या बहिणीचा मुलगा केंटन कागदांची पिशवी घेऊन आला. केंटन विमा विकायचा. मी त्या दिवशी तिथेच होते, ऑर्फाबरोबर सफरचंदं सोलत.

"मामा, नीट ऐक," केंटन म्हणाला. "आता तुला सरकारचं मेडिकेअर लागू झालं. डॉक्टरचं बिल आलं की शंभरातले ऐंशी सरकार देणार. वरचे वीस तुझे. आणि या विसाला वर छत नाही. बिल लाखाचं झालं तर तुझे वीस हजार. इस्पितळात भरती झालास की सुरुवातीचे हजारभर वेगळेच. म्हणून लोक वरची पॉलिसी घेतात. सरकार जिथे हात सोडतं, तिथे ती हात धरते."

"आणि नंतर घेतली तर?"

"नंतर नाही. पासष्टच्या वर्षी सहा महिने मिळतात. त्या सहा महिन्यांत कंपनी तुला नाही म्हणू शकत नाही, तू स्ट्रेचरवरून आलास तरी. सहा महिने उलटले की ती तुझी तब्येत विचारते. आणि तब्येत विचारणारी कंपनी कोणाचीच सोयरी नसते."

डॉर्सलचा बाप एकसष्टाव्या वर्षी अंगणात छातीवर हात ठेवून कोसळला होता. डॉर्सलने तिथल्या तिथे सही केली.

दोन वर्षांनी त्याचीही छाती दुखली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेऊन त्याच्या हृदयाच्या तीन वाहिन्या बदलल्या. अकरा दिवस ठेवलं. ऑर्फा अकरा रात्री खुर्चीत झोपली. महिन्याभराने टपालाने कागद आला. वर मोठमोठे आकडे, सरकारने किती दिले, वरच्या पॉलिसीने किती दिले, आणि खाली एका चौकटीत: तुमचं देणं, शून्य. डॉर्सलने तो कागद फ्रीजवर चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "वाच. मोठ्याने वाच. काय लिहिलंय?" समोरच्याने "शून्य" म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. न्हाव्याच्या दुकानात त्याने निम्म्या गावाला वरची पॉलिसी घ्यायला लावली. ती पॉलिसी चांगलीच होती, यात वाद नाही. मी माझी त्याच्याच सांगण्यावरून घेतली आणि आज माझे गुडघे, माझे डोळे, सगळं तिच्याच जोरावर चाललंय.

पुढच्याच वर्षी ऑर्फा पासष्टची झाली.

केंटन पुन्हा आला. अर्ज त्याने घरूनच भरून आणला होता, फक्त सही हवी होती. महिन्याला एकशे अडतीस डॉलर. डॉर्सलने तो कागद उलटा-सुलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"हिला कशाला? हिने जन्मात ॲस्पिरिन घेतलेली नाही. घोडी आहे घोडी."

"मामा, घोड्यालाही म्हातारपण येतं."

"एका घरात एक पुरे. महिना एकशे अडतीस! त्यात बोटीचा हप्ता येतो माझा."

ऑर्फा चुलीपाशी होती. घेवड्याचे दाणे डुकराच्या हाडावर शिजत होते, ते ढवळत राहिली. केंटनने तिच्याकडे पाहिलं. "मामी?"

"त्याला विचार," ती म्हणाली.

नंतर मी तिला झापलं. "अगं, सही तुझी लागते, त्याची नाही. तुझे स्वतःचे म्हातारपणाचे सरकारी पैसे येतात ना महिन्याला?"

"येतात. त्याच्या खात्यात."

"मग भांड!"

"चाळीस वर्षं न भांडता काढली लवीडा, आता एका कागदासाठी घर कशाला पेटवू?"

तो अर्ज पुढे सहा महिने टेबलावरच होता. केंटन आणखी दोनदा येऊन विचारून गेला. डॉर्सल त्यावर कॉफीचा कप ठेवायचा. मुदत संपली त्या आठवड्यात त्याने बोट आणली, ॲल्युमिनियमची, हिरवी, मागे नवं कोरं इंजिन. ऑर्फाने तिच्यासाठी ताडपत्रीचं झाकण शिवून दिलं. मी पाहिलंय तिला शिवताना.

तिचा रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता. जी आजारी पडत नाही तिला डॉक्टरकडे कोण नेणार? अडुसष्टाव्या वर्षी तिचे पाय सुजले, जेवण नकोसं झालं, तोंडाला कायम धातूची चव. एक दिवस चर्चमध्ये उभ्या-उभ्या खाली बसली. दाबाने दोन्ही मूत्रपिंडं आतल्या आत जाळून टाकली होती. आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवायचं, दर वेळी चार तास, आणि ते केंद्र चाळीस मैलांवर. मरेपर्यंत.

पहिल्या आठवड्यात डॉर्सल तिला घेऊन गेला. दुसऱ्या आठवड्यात कुरकुरत. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार आला. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते. तो पहाटेच बंदूक घेऊन डोंगरात गेला. ती डबा आणि चादर घेऊन पायरीवर बसून होती. मी दूध आणायला निघाले होते म्हणून दिसली.

"येईल तो," ती म्हणाली.

"हरणाला सांगून येणार आहे का?" मी म्हटलं. "बस गाडीत."

त्या दिवसापासून मीच नेऊ लागले.

मग बिलं येऊ लागली. ऐंशी सरकारचे, वीस ऑर्फाचे. प्रत्येक वेळेच्या यंत्राचे वीस टक्के, डॉक्टरचे वीस टक्के, यंत्र जोडायला हातात केलेली रक्ताची वाट बंद पडली की ती उघडणाऱ्या सर्जनचे वीस टक्के. छत नाही, केंटन म्हणाला होता तसंच. चांगल्या महिन्यात आठशे, वाईट महिन्यात दोन हजार. डॉर्सल टपालपेटीपाशी उभा राहूनच लिफाफे फाडायचा आणि तिथूनच ओरडायचा, "ऑर्फा! परवा चार तास झोपून काय केलंस गं? सोनं गाळलंस का?"

त्याने केंटनला बोलावलं. आता घ्यायची पॉलिसी, लगेच, कितीही महाग असू दे. केंटनने अर्ज काढला. नाव, जन्मतारीख, पत्ता. दुसऱ्या पानावर त्याचं पेन थांबलं.

"मामी, इथे विचारलंय. मूत्रपिंड निकामी झाल्याचं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय का."

"नाही लिही," डॉर्सल म्हणाला.

"नाही लिहिलं तर पहिल्याच बिलाला ते कागद तपासतील आणि पॉलिसी रद्द करतील. माझं लायसन्स जाईल ते वेगळंच."

"मग हो लिही!"

"हो लिहिलं तर पुढची पानं भरायची गरजच नाही, मामा. मी दोनदा आलो होतो तुझ्याकडे. तीनदा."

डॉर्सल बायकोकडे वळला. मला वाटलं, आता तरी खाली मान घालेल. तो म्हणाला, "त्या वेळी तोंडाला काय झालं होतं तुझ्या? मागायची होतीस. माणूस मागितल्याशिवाय काय समजणार?"

केंटनने पेनाला टोपण लावलं.

यंत्राच्या केंद्रात एक समाजसेविका होती. तिने ऑर्फाचे कागद पाहिले आणि मला बाजूला घेतलं. गरिबांसाठी राज्याचं एक कार्ड असतं, ते वरचे सगळे वीस टक्के भरतं. ऑर्फाची कमाई त्यात बसत होती. नवऱ्याची जमीन बसत नव्हती. जमीन विकून, पैसे संपवून मग कार्ड मागायचं, नाहीतर... ती थांबली. "काही जोडपी वेगळी होतात. मी सुचवत नाही. काही जण करतात एवढंच सांगते."

ते मी घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं. पण मला वाटलं, डॉर्सल जमीन विकेल. सगळी नाही, वीस एकर तरी. लाकडाचा व्यापारी कधीपासून मागे लागला होता, आणि तेवढ्यात तिची बिलं भागली असती. ऑर्फालाही तसंच वाटलं असणार, कारण ती म्हणाली, "ओढ्याच्या पलीकडचा तुकडा दिला तर? तिकडे तू जातही नाहीस."

डॉर्सल असा बघत राहिला, जणू तिने त्याचा पाय कापून मागितला होता. "बापाची जमीन आहे ती."

"मी तुझी बायको आहे."

"म्हणून तर अडलंय ना सगळं," तो म्हणाला, आणि त्याला ते इतकं पटलं की तो हसला. "अगं, कागदावरचं. नुसतं कागदावरचं. कोणाला कळतंय? तुला कार्ड मिळेल, मला जमीन राहील. डोकं लावलं की सगळं होतं."

वकिलाने कागद केले. जमीन, बोट, ट्रक, बँकेतली शिल्लक डॉर्सलची. ऑर्फाचं शिवणयंत्र, भांडी आणि तिचे कपडे ऑर्फाचे. सेहेचाळीस वर्षांचं लग्न एका मंगळवारी सकाळी मोडायचं होतं. मंगळवार अशासाठी, की सोमवार, बुधवार, शुक्रवार ती यंत्रावर असायची.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी विचारलं, "तुम्हा दोघांमध्ये मिटू न शकणारे मतभेद आहेत का?"

"आहेत साहेब," डॉर्सल चटकन म्हणाला. वकिलाने शिकवलं होतं.

"आणि बाई, तुम्ही?"

ऑर्फा डॉर्सलकडे बघत होती. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला. वकील खोकला.

"आहेत," ती म्हणाली. "मला आज कळलं, पण आहेत."

बाहेर आल्यावर डॉर्सल खूश होता. "काय झकास बोललीस गं! नाटकात जायला हवं होतंस." त्याने आम्हा दोघींना जेवायला नेलं. मूत्रपिंडांमुळे तिला वर्ज्य असलेलं सगळं मागवलं, बटाटे, टोमॅटो, दूध घालून केलेला रस्सा, आणि म्हणाला, "एक दिवस खा, काही होत नाही." तिने पाण्याचे दोन घोट घेतले.

कार्ड आलं. मी खोटं बोलणार नाही, त्या कार्डाने तिचे वीस टक्के खरोखरच भरले, एकही लिफाफा पुन्हा आला नाही. ऑर्फा म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी इमारतीत एका खोलीत राहायला गेली. वकील म्हणाला होता की चौकशी झालीच तर पत्ता वेगळा असलेला बरा. पण मंगळवारी आणि गुरुवारी ती बसने डॉर्सलकडे जायची. त्याचं घर झाडायची, कपडे धुवायची, त्याचे घेवड्याचे दाणे शिजवायची, मक्याचा पाव भाजायची. ते दाणे तिला विष होते. मीठ बघायला जिभेवर एक दाणा ठेवायची आणि थुंकून टाकायची. संध्याकाळच्या बसने परत. असं दीड वर्ष चाललं. हातावर तारांच्या गुठळ्यांसारख्या शिरा फुगलेल्या, आणि त्या हातांनी ती त्याच्या विजारी पिळायची.

एकदा मी माझ्या भावाला न्हाव्याकडे घेऊन गेले. आत डॉर्सल खुर्चीत होता, अंगावर चादर, तोंडाला फेस. त्याने मला पाहिलं नाही. कोणीतरी विचारलं, "डॉर्सल, तुझं हृदयाचं ऑपरेशन किती स्वस्तात झालं रे?"

"ते सोड," डॉर्सल म्हणाला. "त्याहून स्वस्त दुसरं केलं. बायको काढून टाकली. आणि गंमत बघ, काढली तरी काम करते."

दुकान हसलं. माझा भाऊसुद्धा हसला.

मी ते ऑर्फाला सांगितलं. का सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तिचे डोळे उघडावेत म्हणून, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं म्हणजे मला राग आला होता, त्याचा आणि तिचाही, आणि तो राग मला एकटीला वाहायचा नव्हता. आम्ही केंद्रातून परत येत होतो. ती चार तास यंत्रावर पिळून निघालेली. मी शब्द न् शब्द सांगितला.

"सगळे हसले?" तिने विचारलं.

"सगळे."

तिने हातावर सुईच्या जागेची पट्टी नीट दाबून बसवली. मग म्हणाली, "सांगतो छान तो. पहिल्यापासून."

त्या गुरुवारी ती त्याच्याकडे गेली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. डॉर्सलने मला फोन केला. "तिला सांग, घरात धुतलेलं एक बनियन नाही."

तीन आठवड्यांनी, सोमवारी, मी तिला न्यायला गेले तर ती घरातल्याच कपड्यांत होती. चहा केला होता, माझ्यासाठी.

"मी आता जाणार नाही," ती म्हणाली.

"आज?"

"आता."

मी ओरडले, रडले, पाद्र्याला बोलावलं, केंद्रातल्या डॉक्टरला फोन लावून तिच्या हातात दिला. डॉक्टरने तिला विचारलं, तिला कळतंय ना की यंत्र सोडलं तर आठ-दहा दिवस. ती म्हणाली, "शाळेत रोज तीनशे जेवणांचा हिशेब मीच करायचे. आठ-दहा मला मोजता येतात." मग फोन ठेवून मला म्हणाली, "पाय चेपशील का थोडे?"

तिला नदीकाठच्या शुश्रूषागृहात नेलं. भरतीच्या कागदावर विचारलं होतं, जवळचं माणूस कोण. तिने माझं नाव घातलं. पाहुण्यांबद्दलच्या रकान्यात तिने नर्सकडून पेन मागून घेऊन स्वतः लिहिलं: डॉर्सल पेट्री याला सोडू नये.

पाचव्या दिवशी डॉर्सल आला. कोणीतरी सांगितलं असणार. अंगात चर्चचा कोट, हातात पुठ्ठ्याच्या डब्यात दाणे आणि मक्याचा पाव. स्वतः केले होते. पाव जळलेला दिसत होता. टेबलामागच्या नर्सने विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"नवरा."

तिने कागद पाहिला. "इथे घटस्फोटित लिहिलंय."

"ते कागदावरचं आहे!"

"आमच्याकडे कागदच असतो, साहेब."

त्याने मला दाराशी पाहिलं. "लवीडा, सांग की हिला. तुला सगळं माहीत आहे. सांग."

मी आत गेले. ऑर्फा जागी होती, चेहरा फुगलेला, पिवळा. "तो आलाय," मी म्हटलं. "जेवण घेऊन आलाय."

"काय आणलंय?"

"दाणे."

ती हसली. माझी शपथ, हसली, आणि मग खोकली. "त्याला म्हण, एका घरात एक पुरे," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन ते तसंच्या तसं सांगितलं. त्याला आठवायला वेळ लागला. मग तो भिंतीजवळच्या बाकावर बसला, डबा मांडीवर. दोन तास बसला असेल. दार उघडलं की मान वर करायचा. मी चार वेळा त्याच्यासमोरून गेले आणि चारही वेळा त्याच्याकडे पाहिलं नाही. मला बरं वाटत होतं, हेही सांगते. शेवटी चौकीदाराने त्याला ट्रकपर्यंत पोचवलं.

ती आठव्या दिवशी दुपारी गेली. डॉर्सलने म्हणे कधीकाळी दोघांसाठी मिळून एक थडगं घेऊन ठेवलं होतं, दगडावर दोघांची नावं, ऑर्फाच्या नावाखाली जन्मसाल आणि पुढे मोकळी जागा. ती तिथे नाही. तिला मी तिच्या आईशेजारी पुरलं, खर्च केंटनने दिला. तो कबरीशी उभा राहून मला म्हणाला, "लवीडामावशी, मी चौथ्यांदा जायला हवं होतं." मी त्याला नाही म्हटलं नाही.

डॉर्सल आज पंच्याऐंशीचा आहे. मागच्या वर्षी त्याचा कमरेचा सांधा बदलला, त्याआधी डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, हृदयाची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. सगळं सरकार आणि वरची पॉलिसी भागवतात, त्याला दमडी लागत नाही. जमीन त्याच्याच नावावर आहे, पण चढण चढवत नाही म्हणून चार वर्षांत तो तिथे गेलेला नाही. रविवारी चर्चमध्ये तो माझ्या मागच्या बाकावर बसतो. मागच्या महिन्यात प्रार्थना संपल्यावर त्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि विचारलं, "शेवटी तिने माझं नाव घेतलं का गं?"

घेतलं होतं. भ्रमात होती, तिला वाटलं बस चुकेल आणि डॉर्सल उपाशी राहील. दोनदा म्हणाली.

"नाही," मी म्हटलं, आणि पर्स उचलून गाडीकडे गेले.